तिला सहलीला जायचं होतं

पत्र:

माझी मुलगी ११ वर्षांची आहे, मुलगा ७ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी यांचं कायमचं काम सुटलं. आता मिळेल ते काम करतात, मीही करते, पण महिन्याचे शेवटचे दिवस कसे काढायचे हा प्रश्न दर महिन्याला असतोच. मुलांसमोर पैशाचं बोलायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. तो यांनीच घातलाय.

मागच्या महिन्यात शाळेत गेले, तर बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी सहलीला का नाही आली? तिला सहली आवडत नाहीत म्हणाली." मला सहलीचं काहीच माहीत नव्हतं. घरी येऊन दप्तर बघितलं, तर सूचनेचा कागद एका पुस्तकाच्या कव्हरच्या आत घडी करून ठेवलेला. मग आणखी एक लक्षात आलं. तिला मधूनमधून खाऊला म्हणून सुटे पैसे देते, ते ती खर्चच करत नाही. माझ्या पर्समध्ये परत टाकते, मला न सांगता. किती दिवस चाललंय कोण जाणे. आता जवळच्या मैत्रिणीचा पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे, तिथेही जायचं नाही म्हणतेय. "मला कंटाळा येतो," एवढंच.

नातेवाईक म्हणतात, नशीब काढलंस, किती समजूतदार पोर आहे. धाकटा अगदी उलटा. वर्गातल्या सगळ्यांकडे आहे तसं दप्तर हवं म्हणून परवा रडून घर डोक्यावर घेतलं. त्याला मी म्हणते, ताईकडून शिक जरा. महिनाअखेरीला माझा आवाज चढलेलाच असतो, आणि रात्री त्याचं वाईट वाटत राहतं. मुलीचं कौतुक करू की काळजी करू तेच कळत नाही. मुलांना सगळं सांगून टाकावं का?

– एक आई

उत्तर:

काळजी करा, पण घाबरून जाऊ नका. तुमची मुलगी हुशार आहे, मायाळू आहे, आणि घरातल्या ओढाताणीचा एक वाटा तिने कुणालाही न विचारता स्वतःकडे घेतलाय. तो तिच्याकडून परत घ्यायचा आहे. हळूच, तिला ओशाळं न करता.

पैशाचं बोलायचं नाही हा नियम तुम्ही दोघांनी पाळला, तरीही तिला सगळं कळलं. कळणारच. कुणाचा फोन आला की बाबा उठून बाहेर जाऊन बोलतात, कुणाचा आला की आई उचलतच नाही. दुकानात हातात घेतलेली वस्तू किंमत बघून परत ठेवली जाते. चप्पल शिवून आणली जाते, मग पुन्हा शिवून आणली जाते. आईला भूक नसते ते दिवस महिन्याच्या कुठल्या टोकाला येतात, हे या वयाच्या मुलीला बरोबर ठाऊक असतं. नियमामुळे तिच्यापासून लपले ते फक्त आकडे, आणि आकडे नसले की मूल अंदाज बांधतं. ते अंदाज वस्तुस्थितीपेक्षा भयंकर असू शकतात. घर सोडावं लागेल का, शाळा बंद होईल का, बाबांना काही झालंय का, आणि सगळ्यात वाईट म्हणजे, हा खर्च माझ्यामुळे होतोय का.

ब्रिटनमधल्या टेस रिज यांनी कमी उत्पन्नाच्या घरांतल्या १० ते १७ वर्षांच्या मुलांशीच थेट बोलून एक अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. गरिबीबद्दल एरवी विचारलं जातं ते मोठ्यांना, मुलं नुसती मोजली जातात. या मुलांनी जे सांगितलं त्यात तुमची मुलगी जागोजाग दिसते. परवडणार नाही अशा सहलीचं घरी सांगायचंच नाही. हवं असेल त्यापेक्षा कमी मागायचं. आपल्याला वाईट वाटतंय हे आईला कळू द्यायचं नाही. कुणी आपल्याला वगळण्याआधी आपणच बाजूला व्हायचं. आईवडील मुलांना झळ लागू नये म्हणून धडपडत होते, आणि त्याच वेळी मुलं आईवडिलांना झळ लागू नये म्हणून धडपडत होती. एकमेकांना न सांगता.

सहलीबद्दल एक सांगते, कारण मोठ्यांचा इथे अंदाज चुकतो. आपल्याला वाटतं, एक दिवसच तर गेला. मुलांसाठी सहल आदल्या आठवड्यात सुरू होते: बसमध्ये कोण कुणाशेजारी बसणार, कोण काय आणणार. नंतरही ती बरेच दिवस संपत नाही. कुणाला बस लागली, कोण चिखलात पडलं, बाई कुणावर ओरडल्या, याचे विनोद वर्गात चालू राहतात, आणि जी तिथे नव्हती तिला ते कळत नाहीत. ती कळल्यासारखं हसते. शिवाय "मला सहली आवडत नाहीत" हे एकदा बोलून झालं, की पुढच्या वर्षीही ते निभवावं लागतं. वाढदिवसाचं तसंच. भेटवस्तू न्यावी लागेल, मग आपल्या वाढदिवसाला त्यांना बोलवावं लागेल, ते आपलं घर बघतील. हे सगळं मनात पार करून झाल्यावर मूल म्हणतं, "मला कंटाळा येतो." प्रकल्पासाठी लागणारं साहित्य, कार्यक्रमासाठी विशिष्ट रंगाचे कपडे, "सुट्टीत मी काय केलं" हा निबंध, शाळेनंतर सगळे जिथे थांबतात तिथे न थांबणं: एकेक बघितलं तर किरकोळ. पण दर आठवड्याला असं काही ना काही येतं आणि दर वेळी तिला नवी सबब शोधावी लागते. त्या सबबी शोधण्यातच पोर दमते.

तरी मला जास्त खटकलं ते पर्समधल्या पैशांचं. सहल तिने सोडली, ते एकदाच. पैसे परत टाकणं हे नेहमीचं झालंय, आणि त्याबद्दल तिला कुणाची शाबासकीही नकोय. पकडल्यासारखं न करता तिला सांगा, "माझ्या पर्समध्ये तुझे पैसे सापडले," आणि परत द्या. म्हणा, "हे तुझे. साठव, खर्च कर, हवं तर वाया घालव. मी विचारणार नाही." वाया घालव, हे मुद्दाम म्हणा. ज्यांच्याबाबत शहाणं असावं लागत नाही, असे थोडे तरी पैसे मुलाच्या हातात असावेत. आणि एखाद्या महिन्यात ते देणं खरोखर जमत नसेल तर देऊ नका आणि तसं सांगा. ती परत टाकणार हे माहीत असताना देत राहण्यापेक्षा ते बरं. हे बोलताना डोळे भरून येतील, म्हणून आधी एकटीने काय ते रडून घ्या. तिच्यासमोर रडलात, तर आपल्यामुळे आई रडली, म्हणजे पुढच्या वेळी आणखी नीट लपवायला हवं, एवढंच ती त्यातून घेईल.

कौतुक करणाऱ्या नातेवाइकांना गप्प करणं कठीण आहे. पण ते तिच्या समोर बोलत असतील तर विषय बदला. ज्या गुणासाठी मूल चारचौघांत वाखाणलं जातं, तो सोडायची त्याला चोरी होते.

"ताईकडून शिक" हे मात्र आजपासून बंद. धाकट्याचं रडणं त्रासाचं आहे, मान्य, पण तुमच्या दोन मुलांपैकी तो अजून मागतोय. आईकडे मागितलं तर चालतं, फार तर नाही म्हणेल, हा विश्वास त्याच्यापाशी शाबूत आहे. तो त्याने मोठ्या बहिणीकडून नाही, बहिणीने त्याच्याकडून शिकायला हवा. याचा अर्थ दप्तर आणून द्या असा नाही. नकार द्या, पण नुसताच नकार द्या: "तुला ते हवंय हे मला कळलं. आत्ता आपण ते घेऊ शकत नाही." त्यापुढे "परिस्थिती कळत नाही का तुला", "कशाला हवीत ही थेरं" हे जोडू नका. नकाराचं दुःख तासाभरात ओसरतं. हवंसं वाटण्याचीच लाज वाटायला लावली, तर ती त्याच्या ताईसारखी आत जाऊन बसते.

आणि ती थेरं नसतात, हेही बोलायला हवं. ॲडम स्मिथ या अर्थतज्ज्ञाने १७७६ साली लिहून ठेवलंय की तागाच्या कापडाचा सदरा ही काही जगायला आवश्यक वस्तू नव्हे. ग्रीक आणि रोमन लोक त्याच्याशिवाय सुखात राहिले. पण आपल्या काळात साध्या मजुरालाही तो सदरा नसेल तर चारचौघांत जायची लाज वाटेल, म्हणून तो गरजेच्याच वस्तूंत मोडतो. अमर्त्य सेन यांनी हाच धागा पुढे नेला: गरज असते ती लाज न वाटता लोकांत वावरता येण्याची. ती सगळीकडे सारखी. त्यासाठी लागणाऱ्या वस्तू मात्र समाज बदलेल तशा बदलतात. सात वर्षांच्या मुलाचा समाज म्हणजे त्याचा वर्ग. "तुझं दप्तर फाटलंय का? मग?" हा युक्तिवाद त्याला पटत नाही, कारण दप्तरातून पुस्तकं पडत नाहीत हे त्यालाही दिसतंच. त्याची अडचण निराळी आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न: सगळं सांगून टाकावं का? सगळं नको. पण आजच्यापेक्षा बरंच जास्त सांगा.

आधी तुमच्या यजमानांशी बोला, मुलं नसताना. त्यांनी नियम घातला तो कठोरपणाने नव्हे. काम सुटलेल्या माणसाला मुलांच्या नजरेची भीती वाटते. रॉबर्ट वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युगांडा, भारत, चीन, पाकिस्तान, दक्षिण कोरिया, ब्रिटन आणि नॉर्वे अशा सात देशांत गरिबीत राहणाऱ्या मोठ्यांशी आणि मुलांशी बोलून २०१३ साली जे मांडलं, ते त्यांना वाचून दाखवा हवं तर. देशादेशांच्या राहणीमानात जमीन-अस्मानाचा फरक, पण लाज सगळीकडे ओळखीची. लोक लपवतात, सगळं ठीक असल्याचा आव आणतात, माणसांत जाणं टाळतात. तुमच्या घरात हे तिन्ही दोन माणसं करतायत, बाबा आणि मुलगी. एकमेकांसाठी करतायत, आणि दोघांनाही दुसऱ्याचं माहीत नाही. त्यांना असं सांगितलंत तर तो नियम मोडायला ते तयार होतील, असा माझा अंदाज आहे. मुलीशी बोलताना ते सोबत असावेत. आई एकटी बोलली, की बाबांपासून हे लपवायचं असतं, असा अर्थ निघतो.

बोलायला महिनाअखेर निवडू नका. हातात थोडे पैसे असतात, सगळ्यांचा आवाज खाली असतो, अशी संध्याकाळ बघा. सुरुवात काय शाबूत आहे इथून करा: घर आहे, शाळा आहे, जेवण आहे, आणि हे चालू ठेवायची सोय आम्ही केली आहे. जे खरं असेल तेवढंच म्हणा. एखादी गोष्ट पक्की नसेल, तर ती पक्की म्हणून सांगू नका, मुलं ते बरोबर पकडतात. मग काय पुढे ढकललं आहे ते. मग काय सध्या होणारच नाही ते. कर्ज कुणाचं, किती, कुठल्या नातेवाइकाने नाही म्हटलं, घरमालक काय बोलला, हे नको. त्या माहितीचं मूल काहीच करू शकत नाही, फक्त उरात बाळगून हिंडतं. शेवटी हे सांगा: "पैशाचं काय करायचं हे बघणं आमचं काम आहे. तुझं काम आहे आम्हाला सांगणं. शाळेतून आलेला प्रत्येक कागद माझ्याकडे आला पाहिजे, नाही म्हणायची वेळ आली तरी. नाही म्हणायचं की नाही ते मी ठरवणार, तू नाही."

हे वाक्य जरा कडक वाटेल. तिला त्याने हलकं वाटेल.

त्यानंतर तुमच्या बाजूने एक पथ्य. मोघम "बघू" बंद करा. त्याचा अर्थ नाही असाच असतो हे मुलांना फार लवकर कळतं, आणि मग खरंच बघायचं असतं तेव्हाही ती नाहीच धरून चालतात. होणार नसेल तर नाही म्हणा. नंतर होणार असेल तर कधी ते सांगा, आणि तो दिवस पाळा. माहीत नसेल तर "मला अजून माहीत नाही, गुरुवारी सांगते" असं म्हणा आणि गुरुवारी सांगा, उत्तर नकाराचं असलं तरी. शिवाय एखाद्या छोट्या निर्णयात तिला खरोखर मत द्या: या महिन्यात दोनांपैकी एकच गोष्ट जमेल, कुठली करूया? मग तिने निवडलेली तुम्हाला पटली नाही तरी तीच करा. मुलांशी संबंधित बाबींत त्यांचं मत विचारात घ्यायचं, हे १९८९च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात बाराव्या कलमात लिहिलंय. तुमच्या मुलीचं मत कुणी विचारलं नाही म्हणून तिने निर्णयच घेऊन टाकला.

मदत करावीशी वाटणं तिच्यापासून हिरावून घ्यायचं नाहीये. १९३०च्या दशकातल्या महामंदीच्या काळातल्या, अमेरिकेतल्या ओकलंड शहरातल्या, १९२०-२१ साली जन्मलेल्या मुलांच्या नोंदी वापरून ग्लेन एल्डर यांनी १९७४ साली मोठा अभ्यास मांडला. मिळकत घटलेल्या घरांत मुलगे बाहेर छोटी-मोठी कामं करू लागले, मुलींनी घरकाम उचललं. त्या कामाने मुलांचं बिघडलं असं दिसलं नाही. आपली घराला गरज आहे, ही जाणीव उलट अनेकांना उभं करून गेली. त्रास झाला तो मोठ्यांच्या ताणातून, विशेषतः मिळकत गेलेल्या बापाच्या चिडचिडीतून आणि आज एक उद्या दुसरं अशा शिस्तीतून. तेव्हा तिला काम द्या, तिच्या वयाचं, जे संपतं आणि झालं म्हणून सांगता येतं. काळजी देऊ नका, ती संपत नाही. आणि त्या जुन्या वाटणीतली एक खोड तुमच्याकडे नको: घरकाम मुलीलाच असं करू नका. सात वर्षांच्या मुलाला कपड्यांच्या घड्या करता येतात. वाकड्या होतील.

तुमच्या चढलेल्या आवाजाबद्दल. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास आला होता. तोच शेतकरी, कापणीआधी हात रिकामा असताना आणि कापणीनंतर पैसे आल्यावर, अशा दोन वेळा विचारशक्तीच्या चाचण्या दिल्या, तर कापणीआधी कामगिरी खालावलेली. माणूस बदललेला नव्हता, चणचणीने डोकं व्यापलेलं होतं. महिनाअखेरीला तुम्ही वाईट आई होत नाही. पण मुलांना ते कोण सांगणार? म्हणून तुम्हीच सांगा: "मी ओरडले ते पैशाच्या ताणाने, तुझ्यामुळे नाही." दर वेळी. कंटाळा येईपर्यंत. हे न सांगितलेलं मूल आपलीच काहीतरी चूक शोधून काढतं.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. प्रेमाने बोललं की पैशाची गरज भागते, असं मला तुम्हाला अजिबात सांगायचं नाही. ते खोटं आहे आणि सुस्थितीतल्या लोकांना फार सोयीचं आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डोंगराळ भागात जेन कॉस्टेलो आणि सहकारी १९९३पासून मुलांच्या मानसिक आरोग्याच्या नोंदी ठेवत होते. पुढे काही वर्षांतच तिथल्या मूळनिवासी चेरोकी जमातीच्या जमिनीवर कसिनो सुरू झाला आणि नफ्यातला वाटा जमातीतल्या लोकांना, कसलीही अट न घालता, मिळू लागला. जी घरं त्यामुळे गरिबीतून वर आली, त्यांतल्या मुलांचं भांडखोर, बेबंद वागणं कमी झालं, कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकं. आईबापांना मुलांकडे लक्ष द्यायला फुरसत मिळाली, हे त्यामागचं मोठं कारण निघालं. कुणी त्यांना पालकत्वाचे धडे दिले नव्हते, नुसते पैसे आले होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत एक बारीक मुद्दा होता, तो तुमच्या घराला लागू आहे: चिंता आणि उदासी मात्र तशी कमी झाली नव्हती. म्हणजे उद्या तुमच्या यजमानांना पुन्हा कायमचं काम लागलं, तर धाकट्याचा गोंधळ बहुधा ओसरेल. मुलीची मनातल्या मनात हिशोब करायची सवय आपोआप जाईल असं धरून चालू नका. तिच्याशी बोलणं चांगल्या दिवसांपर्यंत थांबवता येणार नाही.

पैसे लागतातच, म्हणून जिथे हक्काची सवलत, शिष्यवृत्ती, शुल्कमाफी असेल तिथे अर्ज करा, हात आखडू नका. बालहक्क कराराचं सत्ताविसावं कलम मुलाच्या वाढीला पुरेसं राहणीमान हा त्याचा हक्क मानतं आणि आईवडिलांना त्यासाठी मदत करणं सरकारचं काम ठरवतं. मागणारे तुम्ही नाही, मागतंय तुमचं मूल, असं समजा.

बाईंशीही बोला. त्यांनी आपणहून चौकशी केली, म्हणजे त्यांचं लक्ष आहे. पण जायच्या आधी मुलीला विचारा: "मी बाईंना आपल्या अडचणीचं सांगू का? काय सांगितलेलं तुला चालेल?" तिची सगळ्यात मोठी भीती उघडं पडण्याची आहे, आणि मदतीच्या भरात आपण नेमकं तेच करून बसतो. ती नको म्हणाली तर थोडं थांबा, आठवड्याने पुन्हा विचारा. बाईंना दोन-तीन गोष्टी स्पष्ट सांगता येतील: पैशाची सूचना थेट मला कळवा, शक्यतो बरीच आधी, म्हणजे थोडे थोडे भरता येतील. पैसे कुणाचे आले नाहीत त्यांची नावं वर्गात वाचू नका. सवलत द्यायची झाली तर वर्गासमोर नको. चांगल्या शिक्षकाला हे एकदा सांगावं लागतं. बाकीच्यांना पुन्हा सांगावं लागेल, आणि त्याचा संकोच वाटू देऊ नका, कारण त्याच वर्गात सूचनेचा कागद लपवणारं आणखी कुणी असण्याची शक्यता भरपूर आहे.

गेलेल्या सहलीची भरपाई करायला जाऊ नका. "आपण चौघं जाऊ कुठेतरी" हे छान आहे, जरूर जा, पण तिला जागा बघायची नव्हती, मैत्रिणींबरोबर बसमध्ये बसायचं होतं. तिला एवढंच सांगा की कागद सापडला, तुम्ही रागावलेल्या नाही, आणि तिला जायचं होतं हे तुम्हाला कळलंय. ती "नव्हतंच जायचं" म्हणेल. वाद घालू नका. ऐकलंय तिने.

एक सावधगिरी. झोप उडणं, शाळेच्या दिवशीच पोट किंवा डोकं दुखणं, खाणं टाळणं, आवडीचं चित्र काढणं-खेळणं सुटणं, शाळा सोडून कमवायचं बोलणं, यातलं काही दोन-तीन आठवडे टिकलं तर डॉक्टरांना किंवा शाळेत समुपदेशक असतील तर त्यांना भेटा. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

राहिला मैत्रिणीचा वाढदिवस. तो पुढच्या महिन्यात आहे, म्हणजे घरातलं बोलणं त्याआधी व्हायला हवं. लोक सांगतील, हाताने काहीतरी बनवून द्या, त्यात जास्त माया असते. मला हा सल्ला पटत नाही. चार चकचकीत खोक्यांच्या शेजारी आपलं घरी बनवलेलं कार्ड ठेवायचं, हे अकराव्या वर्षी माया म्हणून वाटत नाही, उठून दिसतं. तिला चित्रं काढायला आवडत असेल आणि तीच म्हणाली, तर उत्तम. नाहीतर छोटीशी, पण विकत आणलेली, नीट कागदात बांधलेली वस्तू बरी. किती खर्च करता येईल तो आकडा तिला आधी सांगा आणि निवडू तिलाच द्या. दुसऱ्या एखाद्या मैत्रिणीबरोबर मिळून एकच भेट देता येईल का, हेही तिला विचारा. मुलं हे सर्रास करतात आणि त्यात कुणाचं किती हे दिसत नाही. आणि मैत्रिणींना परत घरी बोलवायचं ओझं तिच्या मनात असेल, तर ते आत्ताच उतरवा: एका वेळी एकच मैत्रीण, गृहपाठाला म्हणून, तुम्ही घरी असाल त्या दिवशी. एवढं सगळं करूनही जायचं नाही म्हणाली, तर जबरदस्ती करू नका, पण कारण विचारा. आणि या वेळी कंटाळ्याखेरीज दुसरं कारण द्यायला तिला पुरेसा वेळ द्या.